सोलर पॅनेलवर थेट पाणी आणि खोली तापवताना: कॉइलची जुळणी, डीसीचा बंदोबस्त, पहिली चाचणी

पॅनेलमधून निघालेल्या दोन वायरी सरळ हीटरच्या कॉइलला जोडल्या की पाणी तापतं. मध्ये इन्व्हर्टर नको, बॅटरी नको. कॉइल म्हणजे नुसती रोधाची तार, तिला एसी (लाइनची वीज) काय आणि डीसी (पॅनेलची, एकाच दिशेने वाहणारी वीज) काय, दोन्ही सारखेच. म्हणूनच ही रचना नवख्या माणसाला फार सोपी वाटते. पण उष्णता तयार करणं जितकं सोपं, तितकंच डीसी करंट वेळेवर बंद करणं अवघड आहे. या कामात लागलेल्या आगी आणि फुटलेल्या टाक्या बहुतेक वेळा इथेच सुरू होतात. त्यामुळे या लेखात निम्मी जागा तापवण्याला आणि निम्मी थांबवण्याला दिली आहे.

आधी एक निर्णय. नळ्यांचा किंवा सपाट पेटीचा सोलर वॉटर हीटर उन्हातली साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त उष्णता पाण्यात उतरवतो. पॅनेल जेमतेम २० ते २२ टक्के. म्हणजे तेवढ्याच पाण्याला छतावर अडीच-तीनपट जागा लागते. जागा अपुरी असेल आणि फक्त गरम पाणीच हवं असेल, तर नळ्यांचाच हीटर बसवा. पॅनेलचा फायदा वेगळा आहे: छतावर पाणी जात नाही, त्यामुळे थंडीत पाइप गोठून फुटत नाहीत, गळती नाही, पंप नाही. टाकी तळमजल्यावर असली तरी दोन वायरी खाली आणल्या की झालं. शिवाय पाणी तापून झाल्यावर तीच वीज खोलीकडे वळवता येते.

पायरी १: किती युनिट लागतील?

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६३ वॅट-तास लागतात. हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरे. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं तर १०० × ४० × १.१६३, म्हणजे साधारण ४.६५ युनिट.

आता पॅनेलची बाजू. ४०० वॅटची ४ पॅनेल म्हणजे १६०० वॅट. दिवसभराचं ऊन पूर्ण ताकदीच्या ५ तासांइतकं धरलं तर कागदावर ८ युनिट होतात. तेवढ्या प्रत्यक्षात हाती येत नाहीत. पॅनेल तापलं की व्होल्टेज उतरतं, आणि थेट जोडणीत सकाळ-संध्याकाळचं ऊन बरंचसं वाया जातं. ६० ते ७० टक्के धरा, म्हणजे ५ ते साडेपाच युनिट. याचा अर्थ चार पॅनेलवर चांगल्या उन्हाच्या दिवशी १०० लिटर पाणी. ढगाळ दिवशी हा हिशेब निम्म्याहूनही खाली जातो. त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

पायरी २: कॉइल पॅनेलशी जुळवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

पॅनेल ही बॅटरी नव्हे. बॅटरीचं व्होल्टेज ठरलेलं असतं आणि करंट लोड ठरवतो. पॅनेलमध्ये उलटं असतं: ऊन जेवढं, तेवढा करंट. व्होल्टेज मात्र समोरच्या रोधाप्रमाणे कुठेही जाऊन बसतं. प्रत्येक पॅनेलचा एक बिंदू असा असतो, जिथे व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार सर्वात मोठा होतो. पॅनेलच्या मागच्या पट्टीवर हे आकडे छापलेले असतात. ४०० वॅटच्या १०८ अर्ध-सेलच्या पॅनेलवर साधारण ३१ व्होल्ट आणि १२.९ अँपियर दिसतील. काहीही न जोडता येणारं खुलं व्होल्टेज ३७ च्या आसपास, आणि दोन टोकं एकमेकांना भिडवली तर वाहणारा करंट १३.८ अँपियरच्या आसपास.

अशी चार पॅनेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) लावली की १२४ व्होल्ट, १२.९ अँपियर. भागाकार केला की ९.६ ओहम. भर दुपारी एवढ्या रोधाची कॉइल समोर असेल तर पॅनेल पूर्ण ताकदीने काम करेल.

पण ९.६ ओहम घेऊ नका. ऊन निम्मं झालं की करंट ६.४५ अँपियर होतो. ९.६ ओहममधून तो गेला की व्होल्टेज ६२, आणि शक्ती ४०० वॅट. पॅनेल मात्र त्या वेळी सुमारे ८०० वॅट द्यायला तयार असतं. ऊन निम्मं, उष्णता पाव. थेट जोडणीतलं मुख्य नुकसान हेच, आणि ढगाळ दिवशी पाणी कोमट राहतं तेही याचमुळे. म्हणून कॉइलचा रोध आलेल्या आकड्यापेक्षा ३० ते ४० टक्के जास्त ठेवायचा. भर दुपारी थोडं कमी मिळतं, पण सकाळी आणि दुपारनंतर जास्त मिळतं. दिवसाची बेरीज वाढते.

बाजारात मिळणाऱ्या कॉइलवर वॅट लिहिलेले असतात, ओहम नसतात. ओहम काढायची रीत: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टची २००० वॅटची कॉइल म्हणजे ५२,९०० भागिले २०००, म्हणजे २६.४ ओहम. अशा दोन कॉइल समांतर जोडल्या की १३.२ ओहम. आपल्या चार पॅनेलला हेच हवं. १५०० वॅटची कॉइल ३५.३ ओहमची, ३००० वॅटची १७.६ ओहमची. विकत घेतल्यावर मल्टीमीटरने एकदा मोजून घ्या. थोडा फरक चालतो, पण दुप्पट-निम्मा आला तर कॉइल दुसऱ्याच व्होल्टेजची आहे.

दोन कॉइल घेण्यात आणखी एक सोय आहे. कोवळ्या उन्हात एकच कॉइल चालू ठेवायची, भर उन्हात दोन्ही. ऊन पाव असताना दोन्ही कॉइल मिळून जेमतेम १३५ वॅट देतात, एकटी मात्र २७० च्या पुढे जाते. निम्म्या उन्हातही एकटी कॉइल ६०० वॅटच्या आसपास देते, दोन्ही मिळून ५५०. दुसऱ्या कॉइलला साधा टायमर लावून ती सकाळी १० ते ३ चालू ठेवली, तर हा फायदा फारसा खर्च न करता मिळतो.

तयार एमपीपीटी हीटर कंट्रोलर (पॅनेलला सर्वात जास्त शक्तीच्या बिंदूवर ठेवणारं यंत्र) घेतला तर ही सगळी आकडेमोड सैल होते. त्यातले कपॅसिटर पॅनेलला योग्य व्होल्टेजवर धरून ठेवतात आणि कॉइलला झटक्याझटक्याने वीज देतात. जिथे ढगाळ दिवस जास्त, तिथे तो घ्यावाच. वर्षाचा बराच काळ ऊन स्वच्छ असेल तर दोन कॉइलची साधी रचना पुरते, आणि बिघडली तर दुरुस्तही लवकर होते.

पायरी ३: सामान

चार पॅनेल आणि त्यांची चौकट. ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल; टाकी २० मीटरपेक्षा लांब असेल तर ६ ची. २० मीटरला जाऊन-येऊन ४० मीटर केबल होते, तिचा रोध सुमारे ०.२ ओहम, म्हणजे दीड टक्क्याचा तोटा. एवढा चालतो. डीसीसाठीच बनवलेला, किमान २५ अँपियर आणि ५०० व्होल्टचा आयसोलेटर, म्हणजे सर्किट हाताने पूर्ण तोडणारा स्विच. डीसी रेटिंगचे दोन कॉन्टॅक्टर (छोट्या करंटवर चालणारे, मोठा करंट जोडणारे-तोडणारे स्विच), प्रत्येक कॉइलला एक. कॅपिलरी नळीचा थर्मोस्टॅट, आणि त्याच्यापासून वेगळा, हाताने रिसेट करायचा अतितापमान कटऑफ. तापमान आणि दाब दोन्हींवर उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. कंट्रोलसाठी २० वॅटचं छोटं पॅनेल, १२ व्होल्ट ७ अँपियर-तासाची बॅटरी आणि छोटा चार्ज कंट्रोलर.

व्होल्टेजचं रेटिंग बघताना थंडी धरा. पॅनेल जितकं गार, तितकं व्होल्टेज जास्त. चार पॅनेलचं खुलं व्होल्टेज २५ अंशांना १४८ असेल, तर उणे १० अंशांना ते १६३ पर्यंत जातं.

पायरी ४: करंट थांबवण्याची व्यवस्था

गिझरच्या आतला थर्मोस्टॅट एसीसाठी असतो. ५० हर्ट्झच्या एसीमध्ये करंट दर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क उघडताना पेटलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. संपर्क उघडतात, पण त्यांच्यामध्ये निळसर-पांढरी ज्योत धरून राहते. ती तांब्या-चांदीचे बिंदू वितळवते आणि शेवटी दोन्ही बिंदू एकमेकांना चिकटतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं. थर्मोस्टॅटचा दट्ट्या फिरतो, टक् असा आवाजही येतो, पण कॉइल चालूच राहते. पाणी ६० वर थांबत नाही, ९० वर थांबत नाही. बंद टाकीत उकळलेलं पाणी म्हणजे बॉम्बच.

म्हणून नियम असा: थर्मोस्टॅटच्या संपर्कातून कॉइलचा करंट कधीही जाऊ द्यायचा नाही. थर्मोस्टॅटने फक्त कॉन्टॅक्टरच्या १२ व्होल्टच्या गुंडाळीचा (त्याचे संपर्क ओढून धरणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) करंट तोडायचा, जो अर्ध्या अँपियरच्याही आत असतो. कॉइलचा करंट कॉन्टॅक्टर तोडेल. त्यातलं चुंबक ठिणगीला बाजूला ओढून विझवतं.

जोडणीचा क्रम: बॅटरीचा धन, मग छोटा फ्यूज, मग अतितापमान कटऑफ (७५ ते ८० अंश), मग थर्मोस्टॅट (६० अंश), मग पहिल्या कॉन्टॅक्टरची गुंडाळी, मग बॅटरीचा ऋण. दुसऱ्या कॉन्टॅक्टरची गुंडाळी त्याच थर्मोस्टॅटनंतर, टायमरमधून. वायर सुटली, बॅटरी संपली, फ्यूज उडाला, काहीही झालं तरी कॉन्टॅक्टर उघडतो आणि हीटर बंद होतो. बिघाडाचा शेवट नेहमी बंद होण्यातच व्हायला हवा.

कंट्रोलला वेगळी बॅटरी का? मुख्य पॅनेलवरूनच गुंडाळीला वीज दिली, तर पहाटे एक खेळ सुरू होतो. व्होल्टेज चढतं, कॉन्टॅक्टर लागतो, कॉइलचा लोड पडताच व्होल्टेज कोसळतं, कॉन्टॅक्टर सुटतो, व्होल्टेज पुन्हा चढतं. टक-टक-टक असं मिनिटाला कितीतरी वेळा. काही दिवसांतच संपर्क जळतात.

आणखी चार गोष्टी याच पायरीतल्या आहेत, आणि एकही टाळण्यासारखी नाही.

बरेच डीसी एमसीबी (जास्त करंटला आपोआप उडणारे ब्रेकर) आणि कॉन्टॅक्टर ध्रुवता पाळणारे असतात. त्यांच्यावर धन-ऋण छापलेलं असतं. उलटे जोडले तर ठिणगी विझवण्याऐवजी आतल्या भागात ढकलली जाते आणि स्विचच पेटतो.

एमसीबी शॉर्ट सर्किटला उडेल या भरवशावर राहू नका. चालू करंट १२.९ अँपियर आणि शॉर्टचा १३.८. एवढ्याशा फरकाने कुठलाही ब्रेकर उडत नाही. एकाच सिरीजच्या रांगेत फ्यूज असून काही उपयोगही नाही. केबलच एवढी जाड हवी की शॉर्टचा करंट तिच्यातून दिवसभर वाहिला तरी तिला काही होणार नाही. ब्रेकर इथे फक्त हाताने बंद करायचा स्विच आहे.

कॉन्टॅक्टरऐवजी सॉलिड स्टेट रिले (हलणारे संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरायची असेल तर डीसीचीच घ्या. एसीची रिले डीसीवर एकदा लागली की सुटतच नाही. आणि डीसीचीसुद्धा बिघडली की बहुधा शॉर्ट होऊन बिघडते, म्हणून तिच्यासोबत कटऑफवर चालणारा कॉन्टॅक्टर हवाच.

भिंतीवरचा साधा स्विच, प्लग-सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड यातलं काहीही या सर्किटमध्ये नको. पॅनेलचे कनेक्टरही चालू करंटवर ओढून काढायचे नाहीत. आधी आयसोलेटर बंद, मग कनेक्टर. वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, पण संपर्क सैल राहतो आणि तापून वितळतो. जोडी एकाच कंपनीची ठेवा आणि पिना क्रिम्पिंगच्या पक्कडीनेच दाबा, साध्या पकडीने नाही.

पायरी ५: टाकी

सोलरच्या दोन्ही कॉइल टाकीच्या तळाशी बसवा, म्हणजे सगळं पाणी तापतं. लाइनच्या विजेची कॉइल ठेवायची असेल तर ती वेगळी, वरच्या बाजूला. एकाच कॉइलला कधी पॅनेल, कधी लाइन अशी जोडणी नवख्याने करू नये. चुकून दोन्ही एकत्र आल्या तर काय होईल हा एक प्रश्न. दुसरा असा की साध्या एसी आरसीसीबीला (विजेची गळती झाली की लाइन तोडणाऱ्या स्विचला) डीसीची गळती कळत नाही, उलट त्या गळतीने ती बधिर होऊ शकते.

सेफ्टी व्हॉल्व्ह टाकीच्या वरच्या भागात. त्याची निचऱ्याची नळी धातूची, खाली उतरती, तोंड उघडं. तिच्यावर तोटी नको, बूच नको. थंड पाण्याच्या नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) असेल तर एक्स्पान्शन टाकीही लागते, कारण १०० लिटर पाणी २० वरून ८० अंशांवर गेलं की सुमारे पावणेतीन लिटरने फुगतं.

साठवण ६० अंशांवर ठेवा. कोमट पाण्यात, विशेषतः २५ ते ४५ अंशांत, लेजिओनेला जिवाणू वाढतात. सलग ढगाळ दिवस गेले तर लाइनच्या कॉइलने पाणी एकदा ६० वर न्या. नळाला मात्र मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून ४५ अंशांच्या आसपासचं पाणी सोडा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, आणि घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर हा व्हॉल्व्ह आधी, पॅनेल नंतर.

या रचनेचा एक छान फायदा टाकी उघडल्यावर दिसतो. २००० वॅटच्या कॉइलला इथे २३० ऐवजी १२० व्होल्टच्या आसपास मिळतात, त्यामुळे ती जेमतेम ५५० वॅटवर चालते. तिचा पृष्ठभाग फार तापत नाही. लाइनवर चालणाऱ्या कॉइलवर क्षारांची पांढरी, दगडासारखी साल चढते. इथे तोच थर पातळ राहतो.

पायरी ६: पहिली चाचणी

टाकी भरा, नळातून अखंड धार येऊ द्या, मगच पुढे जा. कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते.

आयसोलेटर बंद ठेवून पॅनेलच्या बाजूचं खुलं व्होल्टेज मोजा. १३० ते १५० च्या दरम्यान यायला हवं. ११० च्या आसपास आलं तर एक पॅनेल सुटलं आहे. शून्य आलं तर कनेक्टर लागलेला नाही. उणे आलं तर धन-ऋण उलटे आहेत. हे व्होल्टेज जीव घेऊ शकतं आणि ऊन असेपर्यंत पॅनेल बंद होत नाही, त्यामुळे उघड्या टोकांचं काम पॅनेल झाकून किंवा सूर्य मावळल्यावर करा.

कॉइलचं टोक आणि टाकीचं धातूचं अंग यांच्यामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) इन्सुलेशन तपासा. १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर ती कॉइल लावू नका. साध्या मल्टीमीटरला ही गळती दिसत नाही. डीसीची बारीक गळतीसुद्धा नेहमी एकाच दिशेने वाहते आणि कॉइलच्या नळीला सुईएवढी भोकं पाडते. टाकी आणि पॅनेलची चौकट दोन्ही अर्थिंगला जोडा.

मग दुपारी आयसोलेटर चालू करा आणि डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने करंट बघा. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, तो इथे शून्य दाखवेल आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसाल. स्वच्छ उन्हात, दोन्ही कॉइलवर ९ ते १० अँपियर आणि १२० ते १३० व्होल्ट अपेक्षित आहेत. १०० लिटरच्या टाकीत तापमान तासाला ९ ते १० अंशांनी चढायला हवं.

शेवटी, भर उन्हातच, थर्मोस्टॅटची खुंटी पाण्याच्या तापमानाच्या खाली फिरवा. कॉन्टॅक्टर सुटल्याचा आवाज ऐकून समाधान मानू नका. कॉइलच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. शून्य आलं तरच तो खरंच सुटला. पॅनेलच्या बाजूला त्याच वेळी व्होल्टेज चढलेलं दिसेल. कटऑफचीही अशीच परीक्षा घ्या.

खोली तापवायची असेल तर

अपेक्षा आधी जमिनीवर आणूया. थंडीत १००० वॅट उष्णता गमावणाऱ्या खोलीला दिवसाला २४ युनिट लागतात. हिवाळ्यातल्या लहान दिवसात ही चार पॅनेल ३ ते ४ युनिट देतील. त्यामुळे पहिला खर्च छताच्या आणि खिडक्यांच्या इन्सुलेशनवर, दुसरा पॅनेलवर. हिवाळ्यासाठी पॅनेल जास्त उभी लावा: अक्षांश अधिक १५ अंश. उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला.

पाण्याला पहिला मान द्या. बदलत्या संपर्काचा थर्मोस्टॅट घेतला तर पाणी ६० वर पोचल्यावर तो पाण्याचे कॉन्टॅक्टर सोडून खोलीचा कॉन्टॅक्टर लावतो. दोन्ही एकाच वेळी लागू नयेत म्हणून कॉन्टॅक्टरना एकमेकांचं इंटरलॉक द्या, म्हणजे एक लागलेला असताना दुसरा लागूच शकत नाही.

पंख्याचा हीटर डीसीवर कधीच नको. पंखा फिरत नाही, कॉइल मात्र लाल होते. इलेक्ट्रॉनिक बटणांचे हीटरही नकोत. तेलाचे रेडिएटर चालतात, कारण आत फक्त कॉइल असते. २००० वॅटचे दोन समांतर जोडले की पुन्हा तेच १३.२ ओहम. पण त्यांचा अंगचा थर्मोस्टॅट आणि कलंडल्यावर बंद करणारा स्विच एसीचे असतात, तेव्हा तापमानाचं नियंत्रण वेगळ्या थर्मोस्टॅटने कॉन्टॅक्टरमार्फत करा आणि रेडिएटर भिंतीला किंवा जमिनीला पक्के बांधून, थेट वायरने जोडून ठेवा. प्रत्येकाच्या अंगावर एक अतितापमान कटऑफ बसवून तो गुंडाळीच्या सर्किटमध्ये घ्या.

रात्रीसाठी ऊब साठवायची तर काँक्रीटची जमीन उत्तम. १० चौरस मीटर, साडेसात सेंटिमीटर जाडीचा थर एक अंश तापायला सुमारे ०.४४ युनिट घेतो. ३ युनिट दिले की तो ७ अंशांनी चढतो आणि रात्रभर हळूहळू सोडतो. थराखाली इन्सुलेशन नसेल तर ही सगळी उष्णता खालच्या मातीत जाते, आणि नंतर ते घालता येत नाही. पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, त्यासाठी सेन्सर काँक्रीटमध्येच हवा.

देखभाल

दर महिन्याला वरची परीक्षा पुन्हा: खुंटी खाली, कॉइलवर शून्य व्होल्ट. दर सहा महिन्यांनी सेफ्टी व्हॉल्व्हची कडी उचलून पाणी सुटतं का बघा, आणि कनेक्टर व टर्मिनल हाताने नव्हे तर इन्फ्रारेड थर्मामीटरने भर दुपारी तपासा. शेजारच्यापेक्षा २०-३० अंशांनी जास्त तापलेला जोड म्हणजे सैल जोड. आयसोलेटर बंद करून, पॅनेल झाकून किंवा सूर्य मावळल्यावर तो कापून नवा करा. संध्याकाळी आणि सकाळी टाकीचं तापमान लिहून ठेवा. पाणी न वापरता रात्रीत १० अंशांहून जास्त उतरत असेल तर आणखी एक पॅनेल घेण्याआधी टाकीचं आवरण जाड करा. वर्षातून एकदा कॉइल काढून क्षार आणि भोकं बघा, मेगर पुन्हा लावा. टाकीत मॅग्नेशियमची कांडी (टाकीऐवजी स्वतः गंजून तिला वाचवणारी) असेल तर ती झिजून तारेवर आली आहे का तेही त्याच वेळी.